बाहेरच्या बाकावर

शनिवार, सकाळचे पावणेदहा. लंडनला पार्लमेंटबाहेर, ऑलिव्हर क्रॉमवेलच्या पुतळ्याशेजारून खाली उतरणाऱ्या वाटेवर आम्ही रांगेत उभे आहोत. हवा अशी, की पाऊस म्हणावा तर पडत नाही आणि छत्री मिटावी तर चष्मा भिजतो. पुढे एक स्पॅनिश बोलणारं कुटुंब आहे, मागे बहुधा केरळातले आजी-आजोबा. आजोबांनी स्वेटरवर स्वेटर घातलाय.

"मामा, पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवा. घड्याळपण. खिशात काय काय आहे?"

"सुपारीची डबी."

"आणि अडकित्ता?"

"तो घरीच. सकाळी तूच काढून घेतलास ना."

भाची हुश्श करते. विमानतळावर करतात तशीच झडती. बूट सोडून बाकी सगळं यंत्रातून जातं. डबी उघडून दाखवावी लागते. पोलीस आत डोकावतो, वास घेतो आणि "थँक यू सर" म्हणून परत देतो. मी छत्तीस वर्षं कोर्टात नोकरी केली, कारकून म्हणून लागलो आणि शिरस्तेदार म्हणून सुटलो. दारावरचा पोलीस उठून नमस्कार करतो, एवढीच मला सवय. इथं मी पक्षकार. फोटो काढून गळ्यात पास अडकवतात, आणि बाहेर जाताना तो परत करायचा असतो.

दार ओलांडलं की एकदम वेस्टमिन्स्टर हॉल.

मोठं म्हणजे किती मोठं हे आकड्यात सांगता येतं: त्र्याहत्तर मीटर लांब, वीस मीटर रुंद, बांधलं १०९७ साली. पण आकडा ऐकून जे वाटतं आणि इथं उभं राहून जे वाटतं, त्यांचा मेळ बसत नाही. मधे एकही खांब नाही, हे पहिल्या मिनिटात लक्षातच येत नाही. काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि मग मान वर जाते. वर ओकच्या लाकडाचं छत आहे, चौदाव्या शतकाच्या अखेरीला दुसऱ्या रिचर्ड राजाने घालून घेतलेलं. भिंतीतून तुळया पुढे आल्या आहेत, त्यांच्या टोकांवर ढाली धरलेले देवदूत कोरलेत, आणि तिथून कमानी वर चढत अंधारात एकमेकींना भेटतात. सुतार होता ह्यू हर्लंड. नऊशे वर्षांच्या इमारतीत सुताराचं नाव टिकलं, हे मला फार आवडतं. आमच्याकडे वाडा कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक असतं, खण कोणी जोडले ते कोणालाच नाही.

फरशी थंड आहे, बुटाच्या तळातून वर चढते. खिडकीतून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. माणसं आपोआप हळू बोलायला लागतात.

आमची वाटाडी एक साठीची बाई आहे. गळ्यात निळा बिल्ला, आवाज खणखणीत, चाल माझ्यापेक्षा दुप्पट. ती सांगते की या हॉलमध्ये शतकानुशतके न्यायालयं भरत. एकाच छताखाली, कोपऱ्याकोपऱ्यात. कडेला पुस्तकं, टोप्या, किरकोळ माल विकणाऱ्यांची दुकानं. मला हसू येतं. स्टॅम्प व्हेंडर, टायपिंगवाला, चहाची टपरी, कडुनिंबाखालचा झेरॉक्सवाला. कोर्ट म्हटलं की हा पसारा आलाच. आता मात्र दुकानं नाहीत, गर्दी नाही, पुकारा नाही. कोर्टाला सुट्टी लागल्यावर आवार जसं दिसतं, तसं सगळं.

दगडी पायऱ्यांवर पितळी पट्टी आहे. इथं पहिला चार्ल्स राजा खटल्यासाठी बसला होता, जानेवारी १६४९. "त्याने बचावच केला नाही," वाटाडी सांगते. हे न्यायालय मला तपासू शकत नाही, तुम्हांला अधिकार कोणी दिला, एवढंच तो म्हणत राहिला.

"अधिकारक्षेत्राची हरकत," मी भाचीला हळूच सांगतो. "प्राथमिक मुद्दा काढला त्याने."

"मग?"

"फेटाळला."

ती तोंडावर हात धरून हसते. पुढच्या स्पॅनिश पोराला कळत नाही, तो तरी हसतो. पण पट्टीकडे पुन्हा नजर गेल्यावर माझं हसू जिरतं. हरकत फेटाळल्यानंतर काही दिवसांतच मुंडकं उडवलं त्याचं.

याच हॉलमध्ये वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालला. १७८८ ला सुरू झाला, १७९५ ला निर्दोष सुटला. आमच्या ग्रुपमधली एक बाई "सात वर्षं!" म्हणून डोळे विस्फारते. मी काही बोलत नाही. सात वर्षांत निकाल म्हणजे आमच्याकडे वकील पेढे वाटतील.

मग आगीची गोष्ट निघते आणि माझे कान टवकारतात. १६ ऑक्टोबर १८३४. खजिन्याच्या जुन्या पावत्या लाकडाच्या पट्ट्यांवर खाचा पाडून केलेल्या असत. ती पद्धत बंद पडली तरी गाडाभर पट्ट्या साठून होत्या. कोणीतरी हुकूम दिला की जाळून टाका. लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांमध्ये दिवसभर त्या कोंबल्या. धुराडी तापली, संध्याकाळी सगळा राजवाडा पेटला. हा हॉल तेवढा वाचला, बाकी बहुतेक गेलं.

ड वर्गातले कागद नष्ट करण्याचं काम मी तीनदा केलेलं आहे. आवाराच्या मागे, पंचांसमक्ष, पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवून. त्या बादल्यांसाठी एका साहेबांनी मला हसून घेतलं होतं. त्या साहेबांना आज इथं आणायला हवं होतं.

"मग चार्ल्स बॅरीचा आराखडा मंजूर झाला," वाटाडी पुढे निघते. "आतलं नक्षीकाम ऑगस्टस प्युजिनचं. पायाचा दगड बसला २७ एप्रिल १८४० ला."

अठराशे चाळीस. मी जागीच थांबतो.

"काय झालं, मामा?"

"चाळीस साली रंगो बापूजी इथं आला होता."

भाची सातारची असूनही पुण्यात वाढली. तिने नाव ऐकलंय, एवढंच. चालता चालता सांगतो. १८३९ च्या सप्टेंबरात कंपनी सरकारने सातारच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवलं. आरोप असा, की महाराज गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधून होते आणि कंपनीचे शिपाई फितवत होते. महाराजांना काशीला नेऊन ठेवलं, गादीवर भाऊ बसवला. महाराजांनी आपला वकील विलायतेला पाठवला, कंपनीच्या डोक्यावर जे बसलेत त्यांच्याकडे दाद मागायला. वकील म्हणजे काळा कोट नव्हे, राजाचा माणूस. तो वकील रंगो बापूजी गुप्ते. चार महिन्यांच्या कामासाठी यावं तसा आला आणि १८५३ पर्यंत लंडनमध्येच राहिला.

"तेरा वर्षं?"

"तेरा वर्षं तारखा."

लेडनहॉल स्ट्रीटवर कंपनीची कचेरी. तिथं भागीदारांच्या सभेत जायचं, बोलायचं, अर्ज छापून वाटायचे. मग पार्लमेंटच्या सभासदांना गाठायचं. जोसेफ ह्यूमसारख्या सभासदाने कॉमन्समध्ये सातारच्या राजाचा विषय उभा केला. गुलामगिरीविरुद्ध देश पेटवणारा जॉर्ज थॉम्प्सन तर त्यांचा हक्काचा माणूस झाला. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी या सगळ्यावर ग्रंथ लिहिला आहे. आमच्या वडिलांकडे तो होता, पुठ्ठा सुटलेला. मी नववीत असताना वाचला तेव्हा मला एवढंच कळलं, की एका माणसाने फार खेटे घातले. खेटे म्हणजे काय ते नोकरीत कळलं.

आणि आज हे नव्याने लक्षात येतंय. मी शाळेत त्यांना याच इमारतीच्या दारात उभं कल्पिलं होतं, या मनोऱ्याखाली. पण त्यांच्या काळात ही इमारत नव्हतीच. दोन्ही सभागृहं जळक्या वाड्याच्या डागडुजी केलेल्या दालनांत भरत होती आणि शेजारी हे सगळं उठत होतं. पराती, दगड, चुना, गवंडी. लॉर्ड्सचं सभागृह वापरात आलं १८४७ ला, त्याच साली महाराज काशीत वारले. कॉमन्सचं १८५२ ला, तोवर सातारा खालसा होऊन चार वर्षं झालेली. इमारत एकेक मजला चढत गेली आणि फिर्याद एकेक पायरी खाली.

पायऱ्या चढून आम्ही सेंट स्टीफन्स हॉलमध्ये येतो. आग लागेपर्यंत कॉमन्स याच जागी, जुन्या चॅपेलमध्ये, भरत असे. समोरासमोर बाकं टाकायची पद्धत तिथूनच आली म्हणतात, कारण चॅपेलमध्ये गायक तसे बसत. स्पीकरची खुर्ची आणि टेबल कुठे होतं ते फरशीत पितळी खुणा ठोकून दाखवलंय. दोन्ही बाजूंना संगमरवरी पुढारी उभे आहेत. एकाच्या बुटाचा काटा मोडलेला आहे: १९०९ साली मताचा हक्क मागणाऱ्या एका बाईने त्या पुतळ्याला स्वतःला साखळीने बांधून घेतलं, सोडवताना काटा गेला. तो पुन्हा बसवलेला नाही. बरं केलं.

एडमंड बर्कही इथंच उभा आहे. हेस्टिंग्जवरच्या खटल्याची मोट याने बांधली. त्याची माझी ओळख मात्र दुसरी. १७८१ साली राघोबादादांनी आपला वकील लंडनला धाडला, हणमंतराव नावाचा. बरोबर पारशी साथीदार. ब्राह्मण माणूस, सोवळ्याओवळ्याचा. इथं जेवणार काय आणि शिजवणार कुठं? बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचेचं घर स्वयंपाकाला मोकळं करून दिलं. या दगडी चेहऱ्याकडे बघताना मला ते काचेचं घरच दिसतं. विलायती झाडांच्या कुंड्यांमध्ये चूल, आणि ओलेत्याने बसलेला मराठी वकील. पाऊस तेव्हाही असाच असणार.

"मामा, हे बघा, हे आपल्याकडचं वाटतंय."

भिंतीवर मोठं चित्र आहे. विल्यम रॉथेन्स्टाइनचं, १९२७ साली लावलेलं. सर टॉमस रो अजमेरला जहांगीरच्या दरबारात. खाली मजकूर असा, की रोने आपल्या शालीन आणि ठाम वागण्याने हिंदुस्थानात ब्रिटिश वजनाचा पाया घातला. साल दिलंय १६१४.

कारकुनाचा डोळा, त्याला इलाज नाही. रो सुरतेला उतरला १६१५ ला. आणि दरबारात त्याने तीनेक वर्षं काढली. बादशहाच्या मागे मागे, अजमेर, मांडू, अहमदाबाद. जसा तह हवा होता तसा तह काही त्याला मिळाला नाही. म्हणजे तोही खेटेच घालत होता. पण त्याचं चित्र भिंतीवर आलं, कारण पुढे दीडशे वर्षांनी निकाल त्याच्या बाजूने लागला. हा मजकूर म्हणजे एकतर्फी हुकूमनामा आहे. दुसऱ्या बाजूची कैफियत दप्तरी नाही.

केरळी आजोबा चित्राखाली उभे राहून फोटो काढून घेतात. फोटो याच दोन हॉलमध्ये काढायचे, पुढे बंदी.

आता सेंट्रल लॉबी. अष्टकोनी दालन, पायाखाली रंगीत फरश्यांची रांगोळी, वर सोनेरी मोझेक, मधोमध भलं थोरलं झुंबर. चार दिशांना चार दारं आणि दारांवर चार प्रांतांचे चार संत. एका बाजूला लॉर्ड्स, दुसऱ्या बाजूला कॉमन्स. सगळी दारं उघडली तर स्पीकरच्या खुर्चीवरून थेट राजाचं सिंहासन दिसतं, असं वाटाडी सांगते. आज मधली काही बंद आहेत.

"लॉबिंग हा शब्द याच प्रकारच्या जागेवरून रुजला," ती म्हणते. "मतदारसंघातला कोणीही माणूस येऊन आपल्या सभासदाला इथं बोलावून घेऊ शकतो."

आमच्या बाजूला लॉबी म्हटलं की साखर लॉबी. लॉबी म्हणजे एक खोली असते, जिथं माणसं ताटकळतात, हा अर्थ माझ्या कधी डोक्यातच आला नव्हता.

"मी आलेय इथं," भाची कानाशी लागते. "मागच्या वर्षी. नंतर सांगते."

पुढची तीन दालनं वाटाडी भराभर घेते आणि मीही. राजा पोशाख करतो ती खोली, आर्थर राजाच्या गोष्टी भिंतीवर. मग रॉयल गॅलरी. हिची लांबी-रुंदी दरबाराला साजेशी आहे आणि दोन्ही भिंतींवर डॅनियल मॅक्लीसची दोन प्रचंड युद्धचित्रं आहेत. एकीकडे ट्रॅफल्गारवर नेल्सन मरतोय, दुसरीकडे वॉटर्लूवर वेलिंग्टन घोड्यावरून प्रशियाच्या सेनापतीला भेटतोय. वेलिंग्टनला मी जरा जास्त वेळ बघतो. हाच गृहस्थ १८०३ च्या सप्टेंबरात जालन्याकडच्या असईच्या माळावर मराठी फौजांशी लढला होता, आणि आपली सगळ्यांत चांगली लढाई तीच, असं म्हातारपणी सांगत असे. ते चित्र इथं नाही. भिंत पुरली नसेल.

पण मला या दालनात त्यासाठी थांबायचं नाही. भाचीला म्हणतो, "गोलमेज परिषदेचं उद्घाटन इथं झालं. १२ नोव्हेंबर १९३०. पाचव्या जॉर्जने केलं. बाबासाहेब इथं होते."

"इथं? या खोलीत?"

"याच. सयाजीराव महाराज होते, जयकर होते."

ती एकदा दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघते. मलाही बघायचं आहे, पण मला दिसतंय वेगळंच. सातारच्या राजवाड्यातली आमची शाळा. लाकडी खांब, उंच उंबरा, पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंती. प्रतापसिंह महाराजांचा तो वाडा. राज्य गेल्यावर त्यात सरकारी हायस्कूल भरायला लागलं. ७ नोव्हेंबर १९०० ला रामजी सुभेदारांनी आपल्या मुलाचं नाव तिथं घातलं. रजिस्टरला भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक १९१४. ते रजिस्टर शाळेने जपून ठेवलंय, आम्हांला आठवीत असताना दाखवलं होतं. आता शाळेला नाव महाराजांचंच आहे. त्यांचा वकील तेरा वर्षं बाहेर तिष्ठला. त्यांच्या वाड्यात मुळाक्षरं पक्की केलेला मुलगा, ज्याला त्या वर्गातही वेगळं बसवत, तो या गॅलरीत बोलावणं घेऊन आला. तोही मागायलाच आला होता म्हणा. पण अर्जदार म्हणून नाही.

हे मी भाचीला सांगायला सुरुवात करतो, पण गट पुढे गेलेला असतो आणि वाटाडी दारात उभी राहून माझ्याकडे बघत असते. पटापट पाय उचलतो.

लॉर्ड्सचं सभागृह लाल आणि सोनेरी. इतकं सोनं, की डोळे कुठे ठेवावे कळत नाही. सिंहासनाची मेघडंबरी बघून भाची म्हणते, "दगडूशेठचा देखावा वाटतो." ती मोठ्याने म्हणत नाही, पण चुकीचंही म्हणत नाही. मधे लोकरीने भरलेलं लाल बैठं आसन आहे, ज्यावर सभापती बसतात. लोकर म्हणजे एके काळची इंग्लंडची लक्ष्मी. १९३८ ला उसवून बघितलं तर आत घोड्याचे केस निघाले. मग साम्राज्यातल्या देशादेशांतून लोकर मागवून ते नव्याने भरलं. कंत्राटदार सगळीकडे सारखेच.

"बाकांवर कृपया कोणी बसू नये," वाटाडी तिसऱ्यांदा सांगते. स्पॅनिश आजी टेकायच्या बेतात असतात, त्या सरळ होतात.

ती आणखी एक गोष्ट सांगते ती मला नवी आहे. मे १९४१ मध्ये जर्मन बॉम्बने कॉमन्सचं सभागृह बेचिराख झालं. नवं बांधून होईपर्यंत, १९५० पर्यंत, कॉमन्सवाले या लाल सभागृहात बसले आणि लॉर्ड्स गेले मघाच्या पोशाखाच्या खोलीत. म्हणजे जुलै १९४७ मध्ये हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या विधेयकावर कॉमन्सची चर्चा झाली ती इथं, उसन्या जागेत. मी पुन्हा एकदा सगळीकडे नजर फिरवतो. इतका नखरेल पडदा मागे असताना तेवढी कोरडी कलमं वाचली गेली असतील. विधेयकाचा मसुदा मी वाचला आहे, वीस कलमं. एका देशाचे दोन होतात, इतक्या मोजक्या शब्दांत मी खातेफोडसुद्धा पाहिलेली नाही.

कॉमन्स त्या मानाने साधं. हिरवी बाकं, ओकचं लाकूड, नवी बांधणी जाइल्स गिल्बर्ट स्कॉटची. टीव्हीवर दिसतं त्याच्या निम्मंही वाटत नाही. सभासद साडेसहाशे, बसायला जागा चारशे सत्तावीस. गर्दीच्या दिवशी उरलेले उभे. दाराची एक कमान बॉम्बने खाल्लेल्या स्थितीतच ठेवलीय, चर्चिलच्या सांगण्यावरून. नव्या सभागृहाचं सामान साम्राज्यातून सुटलेल्या देशांनी भेट दिलं: स्पीकरची खुर्ची ऑस्ट्रेलियाची, टेबल कॅनडाचं. दोन प्रवेशद्वारं होती, एक भारताने दिलं, एक पाकिस्तानने. इथंही वाटणी समसमान.

दोन्ही बाजूंच्या बाकांपुढे गालिच्यावर लाल रेघा आहेत. बोलताना रेघ ओलांडायची नाही. दोन रेघांमधलं अंतर दोन तलवारींएवढं, असं सांगतात. आमच्याकडेही बारच्या आडव्या दांड्याचं तेच कार्य आहे, फक्त तलवारींऐवजी फायली.

आणि मग वाटाडी जाता जाता बोलते: "स्पीकरच्या खुर्चीमागे एक हिरवी पिशवी अडकवलेली असते. जनतेचे अर्ज सभासद त्यात टाकतात."

"पिशवी?" मी इंग्रजीत विचारतो. सकाळपासूनचा माझा पहिलाच प्रश्न.

"होय. साधी पिशवी."

"कोणी उघडतं का?"

सगळे हसतात. तीही हसते, पण उत्तर देते. अर्ज नोंदला जातो, छापला जातो, संबंधित खात्याकडे जातो. खात्याने उत्तर द्यायचं असतं. मी मान वाकडी करून बघतो. आम्ही उभे आहोत तिथून खुर्चीची पाठ दिसत नाही. पुढे जावं तर दोरी आहे.

आमच्या दालनात साहेबांच्या मागच्या खुंटीला एक खाकी पिशवी होती. तीत काय असायचं ते मला माहीत आहे, म्हणून पुढे विचारत नाही.

फेरी संपते ती पुन्हा सेंट्रल लॉबीत. वाटाडी सगळ्यांचे आभार मानते, स्पॅनिश पोरगा टाळ्या वाजवतो. गट पांगतो. माझे गुडघे बोलायला लागलेत. भिंतीलगत बाकं आहेत, आणि मी भीत भीत पोलिसाकडे बघतो. तो मानेने हो म्हणतो. दीड तासात बसायला मिळालेली ही पहिली जागा.

"मी याच बाकावर होते," भाची शेजारी बसते. "या टोकाला."

मग सांगते. ती राहते त्या इमारतीत भिंतींना बुरशी धरलेली, मालक दाद देत नव्हता. भाडेकरूंनी सह्यांचं पत्र केलं. आपला सभासद शनिवारी मतदारसंघात भेटतो तेव्हा नंबर लागला नाही, म्हणून ती रजा टाकून इथं आली. टेबलावर हिरवं कार्ड मिळतं. नाव, पत्ता, काम काय ते लिहायचं आणि बसायचं. सेवक कार्ड घेऊन आत जातो. सभासद सापडला आणि मोकळा असला तर येतो.

"आला?"

"तासाभराने. सात मिनिटं बोलला, उभ्या उभ्या. पत्र घेतलं."

"आणि काम?"

"दोन भिंती झाल्या. तिसरी बाकी आहे."

"पण तुझा पासपोर्ट तर आपलाच."

"अहो मामा, कॉमनवेल्थच्या नागरिकांना इथं मत असतं. मी दोनदा दिलंय."

हे मला माहीत नव्हतं. मी समोरच्या टेबलाकडे बघत राहतो. आज शनिवार, कार्डं आत ठेवलेली असावीत, टेबल रिकामं आहे. १८५३ च्या सुमारास रंगो बापूजी परत निघाले तेव्हा पन्नाशी ओलांडलेली, हाती काही नाही. पुढे सत्तावन्नच्या धामधुमीत ते बेपत्ता झाले ते कायमचे. मुलगा सीताराम सापडला. सातारच्या गेंडामाळावर त्या सप्टेंबरात सतरा जणांना देहान्त झाला, त्यांत तो. मी रोज सकाळी त्या बाजूला फिरायला जातो. हे तिला सांगावं का, असं मनात येतं. तिची तिसरी भिंत अजून बाकी आहे. नको.

"कोणाची वाट बघताय का, सर?" पोलीस जवळ आलेला आहे. आवाजात संशय नाही, अगत्यच आहे.

भाची उठते. "नाही नाही, निघालोच."

मी मात्र लगेच उठत नाही. बुटाची नाडी सुटलेली आहे, ती बांधतो. मग दुसरी सुटलेली नसताना सोडून परत बांधतो. वरचं झुंबर, खालच्या फरश्या, चारही दारं. घड्याळाचा टोल पडायला लागतो. इतक्या जवळून, की तो ऐकू येण्याआधी बाकाच्या लाकडातून लागतो. भाची मोजते. अकरा... बारा.

"चला, मामा. खाली कॅन्टीन आहे. चहा घेऊ."

"केवढ्याला?"

"विचारू नका."

पायऱ्या उतरून आम्ही पुन्हा मोठ्या हॉलमध्ये येतो. चहा येईपर्यंत मी खिशातून डबी काढतो आणि सुपारीचं एक खांड तोंडात टाकतो. अख्खंच आहे, अडकित्त्यावाचून.